पाचवं मत

"वैजे, दार उघड! अर्धा तास झाला, न्हाणीत गंगा आणतीस का काय?"

गजराबाई बाहेरून थापा मारत होती. मी आत भिंतीला कपाळ टेकवून उभी होते, पदर दातात धरला होता आणि दूध पिळून मोरीत सोडत होते. दोन दिवसांपासून छाती दगडासारखी झाली होती. नुसता हात लागला तरी डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

"अगं बोल की! पडलीस का काय आत?"

शेवटी कडी काढली. माझी ओली चोळी आणि फरशीवरचं पांढरं पाणी, एवढंच तिनं बघितलं. गजराबाई शाळेची पायरी चढली नव्हती, पण तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"कितवा महिना पोरीला?"

"पाचवा सरत आला."

"आन् तू हितं, गणपतीपुळ्याला? तिला कुठं ठेवलीस?"

"आत्याबाईंकडं, माझ्या सासूकडं. एका दिवसात परत यायचं म्हणाले होते सगळे."

"आज चवथा दिस हाय, बये!" ती म्हणाली, आणि मला जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना. चार दिवस मी कुणाला काही बोलले नव्हते. समुद्र बघितला, देवळाला प्रदक्षिणा घातली, सगळ्यांबरोबर मोदक खाल्ले. रात्री उशी तोंडावर दाबून झोपत होते.

सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची, माळसोंडी ग्रामपंचायतीची सदस्य. त्या वेळी सरपंच सदस्यांमधूनच निवडत. आमचे सदस्य नऊ. हिंदुराव फडतरे, म्हणजे गावाचे आप्पा, यांच्या पॅनलचे आम्ही पाच, आणि दूध डेअरीचे चेअरमन जयवंतराव यांचे चार. पाच-चार म्हणजे एक माणूस हलला की खेळ खलास. म्हणून निकाल लागला की आपापली माणसं जीपमध्ये घालायची आणि निवडीच्या दिवसापर्यंत कुठंतरी लांब ठेवायची. त्याला सहल म्हणतात. नाव देवदर्शनाचं, आणि निवडीच्या सकाळी जीप थेट पंचायतीच्या दारात. आमची निवड दुसऱ्याच दिवशी होती, पण तारीख तीन दिवस पुढं गेली आणि सहल लांबली.

निघायच्या आधी खंडोबाच्या देवळात आम्ही पाचही जणांनी बेलभंडारा उचलला होता. मत आप्पांनाच देणार, अशी शपथ. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन केलेली शपथ मोडली की ती लेकराबाळांवर येते, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल.

आप्पा पहाटे मला न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं बरं का. "पोरगी? तिला घ्या की संगं." तर माझे थोरले दीर, संपतभाऊजी, पुढं होऊन म्हणाले, "थंडीत कशाला? वरच्या दुधावर हाय ती. ऱ्हाती आईजवळ." पल्लवी वरच्या दुधाचा थेंब घेत नव्हती. आणि मी, पंचायतीची निवडून आलेली सदस्य, डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून उभी! सासऱ्यांच्या वयाच्या माणसापुढं, दिरापुढं, पोर अंगावर पितं हे कुठली सून तोंडानं बोलणार? मी बोलले नाही. त्या चार शब्दांनी पुढचं सगळं टळलं असतं.

गजराबाईनं माझे डोळे पुसले आणि तरातरा ओसरीवर गेली. तीही आमच्या पाचांतली सदस्य. तिचं माहेर माळसोंडीचंच, आप्पांबरोबर लहानपणी गुरं राखलेली. अख्ख्या गावात ती एकटीच त्यांना अरे-तुरे करायची.

"हिंदू, सदस्य मोजलंस ते बरोबर मोजलंस. पाच. पण हिच्या मागं पाच महिन्याचं एक हाय, ते कुणी मोजलं न्हाई. पोरगी अंगावर पिती हाय."

आप्पा चहा पीत होते. बशी ओठापाशीच थांबली.

"संपत म्हणाला, वरच्या दुधावर हाय."

"संपत काय तिची आई हाय?"

मी दाराआड उभी होते. आप्पांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "सूनबाई, मला का बोलली न्हाईस?" उत्तर त्यांनाच सुचलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "खरंय. मलाबी विचारायची अक्कल नव्हती. चल, फोन लावू."

लॉजच्या बाजूलाच एसटीडी बूथ होता. सकाळचे सात वाजलेले, डेअरीत दूध घालायची वेळ. संपतभाऊजी तिथंच असणार. ते डेअरीत मापाड्या होते, आणि चेअरमननी त्यांना सेक्रेटरी करायचा शब्द दिला होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आप्पांना माहीत होतं.

फोन भाऊजींनीच उचलला. त्यांचा आवाज असा, की बूथच्या बाहेरसुद्धा ऐकू यावा.

"बोला सरपंच! देव पावला का?"

"संपतराव, पोरगीला पाठवून द्या. मी जीप धाडतो. तुमच्या आईलाबी संगं बसवा."

"पोरगी कशाला यील? आईनं यावं पोरीकडं."

"खाती-पिती का काय?"

मागं कॅन खडखडत होते. "चमच्यानं पाजतोय. ओकून टाकती. वैजयंताला द्या फोन."

मी रिसीव्हर घेतला.

"ऐक. आज घरी यायचं. आन् उद्या मत चेअरमनला. न्हाईतर उद्यापासनं माहेर तुझं आन् पोरगी आमची. मागनं रडायचं न्हाई."

"ह्यांना द्या फोन," मी म्हणाले.

"त्यो काय बोलणार? त्यो माझ्या शब्दाबाहेर हाय का?"

ते खरं होतं. आमचे हे मनाचे चांगले, पण भावापुढं त्यांची वाचा बसायची. मी फोन ठेवला. आप्पांनी "काय म्हणाला?" असं विचारलंच नाही. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

ओसरीवर जालिंदर उभा होता. आमच्यातला तरणाबांड सदस्य, सहलीचा सगळा बंदोबस्त त्याच्याकडं. कोण कुठं जातं, कुणाशी बोलतं, डोळ्यात तेल घालून बघायचा. बिचारा तीन रात्री दाराला पाठ लावून झोपला होता. त्याला कळल्यावर तो उसळलाच.

"आप्पा, उद्या अकराला निवड हाय! आज ही त्या घरात शिरली म्हंजे गेलीच समजा. एक दिवस ऱ्हायलाय फक्त. एका दिवसानं पोरगी मरत न्हाई."

"मरत न्हाई, म्हणून काय झालं?" आप्पा म्हणाले.

"वीस वर्षं थांबलाय तुम्ही!"

"थांबलोय खरा." आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. मग जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली. "दिलावर, गाडी काढ. सगळेच जाऊ. देवाला जायला वेळ न्हाई, हितनंच हात जोडा."

जालिंदर पुढच्या सीटवर फुगून बसला. पाचवा सदस्य, गोविंदा, कधीच काही बोलायचा नाही, तो त्याच्या शेजारी जाऊन बसला. आप्पा त्या दोघांना चिकटून पुढं बसले आणि मी आणि गजराबाई मागं. जीपच्या घरघरीत गजराबाई माझ्या कानाशी लागून सांगत होती.

"ह्याचा बाप पंचायतीचा शिपाई, म्हाईत हाय का तुला? रोज सकाळी ती सरपंचाची खुर्ची पुसायचा. एकदा ह्यो पोरगा त्या खुर्चीत बसला, आठ वर्षांचा असंल. सरपंचानं बापाला सगळ्यांदेखत कानफटात मारली. बाप घरी येऊन ह्याला काय बोलला न्हाई, नुसता जेवला न्हाई. तवापासनं ह्येच्या मनात हाय. वीस वर्षं सदस्य हाय, पर दर खेपेला काय ना काय. कधी आरक्षण, कधी एक मत कमी. औंदा जागा सगळ्यांना खुली. पुढच्या खेपेला असंल नसंल, आन् वय का थांबतंय?"

"मग मला कशाला नेताय घरी?" मला पुन्हा रडू यायला लागलं.

"मला नगं विचारू. त्याला विचार."

आंब्याचा घाट चढताना माझी पुन्हा तीच गत झाली. गाडीच्या प्रत्येक हिसक्याला जीव कळवळायचा. गजराबाईनं दिलावरला गाडी थांबवायला लावली. पण घाटात आडोसा कुठला? एकीकडं दरड, एकीकडं दरी. आप्पा खाली उतरले. अंगावरची शाल काढली, तिचं एक टोक जीपच्या कडीला बांधलं, दुसरं हातात ताणून धरलं आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहिले.

"बस सूनबाई त्याच्या पल्याड. गजरे, तू जा तिच्यासंगं. निवांत होऊ द्या."

तेवढ्यात खालून एसटी आली. खिडक्यांतनं माणसं वाकून बघायला लागली, एकानं ओळखून "काय आप्पा, काय चाललंय?" असं ओरडूनही विचारलं. "वारा खातोय!" आप्पांनी तितक्याच मोठ्यानं सांगितलं. जालिंदरनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी शालीमागं बसून रडत होते आणि हसतही होते. माझ्या बापानंसुद्धा माझ्यासाठी असं केलं नसतं. त्याला सुचलंच नसतं.

चार वाजता माळसोंडीच्या ओढ्यापाशी आलो. आप्पांनी गाडी अलीकडंच उभी करायला सांगितली. "गाडी गल्लीत गेली तर मारामारी व्हईल. मी सोडून येतो हिला चालत."

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. मधल्या दगडावर आप्पा थांबले. गाडी मागं झाडांआड राहिली होती, दुसरं कुणी नव्हतं.

"सूनबाई, उद्या हात तिकडं वर कर."

मला वाटलं, टोमणा मारतायत. "आप्पा, मी फुटणारी न्हाई. मी बेलभंडारा उचललाय."

"मी कुठं म्हणतोय फुटलीस म्हणून? मी सांगतोय तुला. हात जयवंतरावाला वर कर."

"आणि तुम्ही?"

"मी हाय तसा हाय. आमदार होतो का काय, पडायला?"

"चिठ्ठीनं मतदान मागा, आप्पा. मी गुपचूप तुम्हाला देते. कुणाला कळणार न्हाई."

"पाच-चार निघाल्यावर शेंबड्या पोराला कळंल कुणी दिलं ते. संपत तुला दारात उभी करायचा न्हाई. आन् पोरगी तो देणार न्हाई तुला, तसला माणूस हाय तो. भांडून, कोर्टात जाऊन आणशीलबी, पर तवर ती तुला विसरलेली असंल. पाच महिन्याचं लेकरू किती दिवस आठवण ठेवतंय?"

एकीकडं घर आणि पोर, एकीकडं खंडोबाची शपथ, आणि तीही पोरीवरच येणारी. कुठनंही फिरून सगळं पल्लवीवरच येत होतं. मी ते बोलून दाखवलं. म्हणाले, "शपथ मोडली आणि तिला काही झालं तर?"

आप्पा वाकले. ओंजळीत ओढ्याचं पाणी घेतलं आणि खंडोबाच्या डोंगराकडं तोंड करून मोठ्यानं बोलले, माणसाशी बोलावं तसं. "देवा, हिनं बेलभंडारा माझ्यासाठी उचलला होता. मी तिला मोकळी केली. ह्यात तिचं काय न्हाई, तिच्या लेकराचं काय न्हाई. काय घालायचं असंल ते माझ्या पदरात घाल." आणि ओंजळ सोडली. मग तसेच वाकून त्यांनी तोंडावर पाणी मारलं, एकदा, दोनदा, चार-पाचदा. टोपी भिजली तरी मारत राहिले. त्यांना रडू आलं होतं, आणि ते मला दिसू नये म्हणून चाललं होतं सगळं. मला दिसलं.

"एक गोष्ट मात्र माझी ऐकायची," तोंड पुसत ते म्हणाले. "मी सांगितलं म्हणून कुणाला बोलायचं न्हाई. गजरेलासुद्धा न्हाई. ही माणसं माझ्यासाठी रानातली कामं टाकून फिरली. मी आपल्या हातानं हरलो असं कळलं तर परत कुणाच्या मागं उभी ऱ्हायची न्हाईत. आन् संपतला कळलं तर तुझ्या मताची त्याला किंमत ऱ्हायची न्हाई. तुला नावं ठेवतील. फुटकी म्हणतील. लई दिवस म्हणतील. तेवढं सोसशील?"

"किती दिवस?"

"मी हाय तवर. मी गेल्यावर सांग बिनघोर. मग माझं काय जातंय?"

मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "जा आता, पळ."

घरात गेले तर पल्लवी आत्याबाईंच्या खांद्यावर होती. तोंड सुकून एवढंसं झालेलं. आमचे हे दाराशी उभे, मान खाली. आत्याबाईंनी भाऊजींकडं बघितलंसुद्धा नाही, पोरगी माझ्या मांडीवर दिली आणि म्हणाल्या, "घे बाई. तीन रात्री मी हिला घेऊन चालती हाय. मला न्हाई बघवत आता." पण पल्लवीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. छातीशी धरली की अंग ताठ करायची, किंचाळायची, आजीकडं हात करायची. तिन्हीसांजा झाल्या, जेवणं झाली, तिनं काही मला जवळ केलं नाही. वाटलं, झालं. शपथ मोडायच्या आधीच देवानं हिशोब केला.

पहाटे कधीतरी, दोघीही थकून पडलो होतो, तिनं आपणहून चाचपलं आणि प्यायला लागली. डोळे मिटूनच. मी हललेसुद्धा नाही, की हिला आठवायचं मी कोण ते आणि सोडून द्यायची. पोटभर प्याली, मग डोळे उघडून बघितलं आणि हसली. ती हसली तेव्हा मी ठरवलं, गावानं मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

अकरा वाजता पंचायतीत बसलो. भाऊजी मला दारापर्यंत सोडायला आले होते, बाहेर खिडक्यांना माणसं लगडलेली. समोर आप्पा, नवीन कोरा सदरा घातलेले. त्यांच्या बायकोनं, काकींनी, हौसेनं शिवून घेतलेला, तो घातला नसता तर काकींना शंका आली असती. अधिकाऱ्यांनी आधी जयवंतरावांचं नाव घेतलं. चार हात वर झाले. मग माझा.

खिडकीत गलका झाला. अधिकारी दोनदा मोजून म्हणाले, "पाच." गजराबाई माझ्याकडं वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं. "मी तुझं डोळं पुसलं गं," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

आप्पा उठले. जयवंतरावांच्या गळ्यात घालायला हार हातात घेतला आणि जाता जाता माझ्यापाशी थांबले. आता हे काय करतात, म्हणून जयवंतरावसुद्धा खुर्चीतनं अर्धे उठले. आप्पा वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले,

"प्याली का?"

"प्याली, आप्पा. पहाटे."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि हार घालायला गेले.

सत्तावीस वर्षं. आप्पा सरपंच झाले नाहीत. पुढच्या खेपेला जागा राखीव निघाली, त्याच्या पुढं त्यांचे गुडघे गेले. भाऊजींना डेअरीचं सेक्रेटरीपद मिळालं, आणि दोन वर्षांत आम्ही वेगळे झालो. त्या वेळी मात्र आमचे हे भावापुढं उभे राहून बोलले. गावात मी फुटकी ती फुटकीच राहिले. पाणवठ्यावर मी गेले की गजराबाई भरलेली घागर उचलून चालू लागायची. पल्लवीला नर्सिंगला घालताना दाखले आणायला आप्पा तशा गुडघ्यांनी माझ्याबरोबर तालुक्याला चार खेपा आले, तर लोक म्हणायचे, "बघा, जिनं तोंडचा घास काढला तिच्या पोरीसाठी पळतोय. मोठं मन लागतंय त्याला!" मला असं वाटायचं, ओरडून सांगावं. कधी कधी आप्पांचाच राग यायचा, की मोठेपण सगळं यांना आणि शिव्या मला. एकदा तसं बोललेही. "आता तरी सांगू का?" तर हसून म्हणाले, "जरा दम काढ. औंदा जालिंदर उभा हाय."

गेल्या महिन्यात आप्पा गेले. झोपेतच गेले, नव्वदीला आले होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं शोकसभा झाली. जालिंदर आता माजी सरपंच, डोक्याला टक्कल. तो माइकवर म्हणाला, "आप्पा या गावाचे सरपंच व्हायला पाहिजे होते. एका मतानं घात झाला. आम्ही विसरलो नाही." आणि सगळी सभा वळून माझ्याकडं बघायला लागली. पुढं खुर्चीत गजराबाई बसली होती, ब्याऐंशी वर्षांची, काठी मांडीवर. तिनं तेवढं वळून बघितलं नाही.

मी उठले. जालिंदरच्या हातातनं माइक घेतला. आयुष्यात कधी माइकवर बोलले नव्हते. पंचायतीतसुद्धा कधी नाही. सगळं सांगितलं. भाऊजींचा फोन, घाटातली शाल, ओढ्याचं पाणी, आणि हार घालायला जाताना आप्पांनी मला काय विचारलं ते. अंगावरच्या दुधाचंही चारचौघात सांगितलं, पदर वगैरे काही ओढला नाही. बोलून झालं तेव्हा जालिंदर पारावर खाली बसला होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

गजराबाई काठी टेकत उठली. माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता काठी घालते की काय.

"मला तरी सांगायचंस की गं, सटवे!"

"त्यांनी तुमचंच नाव घेऊन सांगितलं होतं. गजरेलासुद्धा न्हाई."

"त्यो असाच होता, मुडदा." तिनं काठी जमिनीवर आपटली. "सत्तावीस वर्षं मी तुझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. तुझ्या पोरीच्या लग्नाला आले न्हाई. दारावरनं वरात गेली, मी दार लावून आत बसले. आता मला कुठनं मिळायची गं ती वर्षं?"

मी नुसता तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, माझ्या दंडाला घट्ट धरलं आणि काठी पुढं टाकली.

"चल. तुझं घर कुठलं ते दाव मला. च्या टाक, आन् पोरगीला फोन लावून दे. तिच्याशी बोलायचं हाय मला."